दुखायचे थांबले, म्हणून आलो नाही

श्रोतेहो, नमस्कार.

रुग्णालयाच्या दंतविभागात काम करणाऱ्या प्रत्येकाला एक दृश्य ओळखीचे असते. खुर्ची पुसून तयार असते, निर्जंतुक केलेल्या उपकरणांचा ट्रे शेजारी मांडलेला असतो, केसपेपर वर काढून ठेवलेला असतो. परिचारिका दारात येऊन दोनदा नाव पुकारते आणि बाहेरच्या बाकावरून कोणीच उठत नाही. मग वहीत त्या नावापुढे ‘गैरहजर’ असे लिहिले जाते. हा शब्द मला कधीच पटला नाही. शाळेच्या हजेरीपटातून उचललेला असल्यामुळे तो माणसाला आधीच दोषी ठरवून मोकळा होतो.

फोन करून विचारले, तर बहुतेकांचे उत्तर ‘विसरलो’ असे असते. काही जण खरोखरच विसरतात. मात्र आणखी दोन प्रश्न विचारले, की त्या विसरण्याच्या आड दुसरेच काही निघते, आणि त्यातले सर्वांत फसवे कारण म्हणजे दात दुखायचा थांबलेला असतो.

दाताच्या मध्यभागी नसा आणि रक्तवाहिन्या असलेला मऊ गर असतो. त्याला सूज आली, तरी भोवतालच्या कठीण भिंतींमुळे पसरायला जागा मिळत नाही, आतला दाब वाढतो आणि रात्री आडवे झाल्यावर ठणका असह्य होतो. रूट कॅनालच्या पहिल्या भेटीत आम्ही दात उघडून तो सुजलेला गर काढतो, आत औषध ठेवतो आणि वरून तात्पुरते सिमेंट भरतो. एक-दोन दिवसांत रुग्णाला शांत झोप लागते. त्याच्या हिशेबी काम संपलेले असते, आमच्या हिशेबी ते अर्ध्यावर असते; कारण ते सिमेंट काही आठवडेच टिकावे अशा बेताचे असते आणि ते झिजले, की लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात. आता त्या दातात नस उरलेली नसल्यामुळे तो तक्रारही करत नाही. कित्येक महिन्यांनी हिरडीवर पुवाची पुळी येते किंवा खाताना दाताचा तुकडा निघतो, तेव्हा कुठे रुग्णाला आमची आठवण होते. उपचार न घेताही असेच घडू शकते: आतला गर मेला, की ठणका आपोआप थांबतो आणि मोठ्या मिनतवारीने मिळवलेली तारीख माणूस निश्चिंतपणे सोडून देतो.

दुसरे मोठे कारण भीतीचे. नॉर्मन कोरा यांनी 1969 साली दंतोपचारांची धास्ती मोजण्यासाठी अवघ्या चार प्रश्नांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिचा पहिलाच प्रश्न असा, की उद्या दाताच्या डॉक्टरांकडे जायचे असेल तर आज तुम्हाला कसे वाटेल? हा प्रश्न मला फार नेमका वाटतो, कारण भेट चुकते ती बहुधा आदल्या रात्री, प्रत्यक्ष त्या दिवशी नव्हे. पुढे 1995 मध्ये तिच्या सुधारित आवृत्तीत भुलीच्या इंजेक्शनविषयी पाचवा प्रश्न घालण्यात आला. भीतीने भेट टळते, तेवढ्यात कीड खोल जाते, साध्या फिलिंगच्या जागी दात काढण्याची वेळ येते आणि भीती खरी होती अशी रुग्णाची खात्री पटते. त्यात लाजेची भर पडते. तोंडावर हात धरून बोलणारे कितीतरी रुग्ण मी पाहिले आहेत. एक तारीख चुकली, की आता डॉक्टर बोलतील या धास्तीने ते पुढच्याही तारखा चुकवतात.

आमच्याकडची बाजूही सांगितली पाहिजे. तारीख महिन्याभराने, ती ऐन कामाच्या दिवशी, वीस मिनिटांच्या उपचारासाठी अर्ध्या दिवसाचा खाडा, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असले तर त्याची सोय. आणि येणे जमणार नाही हे कळवायला फोन लावावा, तर तो सतत व्यग्र. मोबाइलवर आठवणीचा संदेश पाठवल्यास काहीच न पाठवण्यापेक्षा उपस्थिती सुधारते, हे अनेक अभ्यासांतून दिसलेले आहे. तरीही संदेश फक्त विसरण्यावरचे औषध आहे. घाबरलेल्या माणसाला तो भीतीचीच आठवण करून देतो, आणि केसपेपरवरचा नंबर मुलाचा असेल, तर तो मुलाच्याच फोनमध्ये पडून राहतो.

चौदा महिन्यांनी परत आलेले एक गृहस्थ मला आठवतात. खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी विचारले, “डॉक्टर, रागावणार तर नाही ना?” दात मुळापाशी उभा चिरलेला होता, तो काढावा लागला. नंतर मी त्यांचा जुना केसपेपर उघडला. शेवटची ओळ माझ्याच अक्षरात होती: ‘उर्वरित उपचार पुढील भेटीत.’ उर्वरित म्हणजे काय, आणि दुखणे थांबल्यावरही का यायचे, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितले होते का, ते मला काही केल्या आठवेना. त्यांना विचारले, तेव्हा ते संकोचून म्हणाले, “तुम्ही घाईत होतात.”