दुसऱ्या देशाचा माल अडवला, तर तिथले कैदी सुटतात का?

नमस्कार मंडळी. मी आत्ता पिंपळगाव बसवंतला मामांच्या पॅकहाऊसमध्ये उभी आहे. मागे पंख्यांचा आवाज येतोय, तेवढा सांभाळून घ्या.

(क्रेटमधला घड देठाला धरून कॅमेऱ्यासमोर) हा घड असाच धरायचा. मण्यांना बोट लागलं की वरची पांढरी झाक पुसते. इथल्या मावशी दिवसभर हेच करतात: खराब मणी कात्रीनं काढायचा, वजन बघायचं, डबा भरायचा. २०१० साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या संजीवकाचे अंश सापडले आणि युरोपात माल अडकला. तेव्हा आमच्याकडे सगळ्यात आधी थांबली ती या मावशींची मजुरी. तो प्रश्न औषधाच्या अंशाचा होता. पण कैदी सोडा, लोकांना मतदान करू द्या, एवढ्यासाठी एखाद्या देशाचा माल अडवला तर?

असं घडलंय, आणि तेही फळांवरूनच. जुलै १९८४, डब्लिन. डन्स स्टोअर्स या दुकानाच्या काउंटरवर मेरी मॅनिंग ही २१ वर्षांची मुलगी बसली होती. गिऱ्हाइकानं दक्षिण आफ्रिकेची ग्रेपफ्रूट पुढे केली. (नावात ग्रेप असलं तरी हे द्राक्ष नव्हे, आपल्या पपनसाच्या कुळातलं फळ.) वर्णभेदी राजवटीच्या मालाला हात लावायचा नाही, असं युनियननं ठरवलं होतं. मेरीनं बिल करायला नकार दिला, तिला निलंबित केलं आणि दहाएक सहकारी तिच्यासोबत बाहेर पडले. संप जवळजवळ तीन वर्षं चालला. १९८७ मध्ये आयर्लंड सरकारनं दक्षिण आफ्रिकेच्या फळं-भाज्यांवर बंदी घातली.

हे मी इथं सांगत होते, तर एका मावशींनी विचारलं, "मग तिकडच्या बागेतल्या बायकांचा रोज बुडाला असेल की गं!"

बुडाला असणार, मावशी. म्हणूनच आल्बर्ट लुथुलींचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. ते तेव्हा आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे, म्हणजे तिथं वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या संघटनेचे, अध्यक्ष होते. १९५९ मध्ये जगाला बहिष्काराचं आवाहन करताना त्यांनी लपवलं नाही की आमच्याच माणसांना याची झळ बसेल. पण रक्तपात लवकर थांबणार असेल तर ती सोसायची आमची तयारी आहे, असं त्यांनी सांगितलं. ज्यांच्या पोटावर पाय येणार, त्यांच्याच नेत्यानं हे मागितलं होतं. आपल्या देशानं तर त्याआधीच, १९४६ मध्ये, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता.

आता इराक बघा. सद्दाम हुसेननं कुवेत गिळलं, म्हणून ऑगस्ट १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जवळजवळ सगळा व्यापार बंद केला. औषधांना सूट होती, पण तेलच विकता येत नसेल तर औषधं आणायची कशानं? सरकारनं रेशन सुरू केलं, आणि घरोघरी पीठ-तांदूळ त्याच सरकारच्या हातून यायला लागलं. कार्ड ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध माणूस तोंड उघडणार कसं? बगदादमध्ये मदतकार्य सांभाळणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये या निर्बंधांच्या निषेधार्थ राजीनामा दिला. सद्दाम २००३ च्या युद्धापर्यंत खुर्चीवरच होता. सामान्य माणसाची इतकी उपासमार करून त्याच्याकडूनच उठावाची अपेक्षा ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून पुढे नेम बदलला. सर्गेई मॅग्निट्स्की यांनी रशियात मोठा करघोटाळा उघडकीला आणला आणि २००९ मध्ये तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. २०१२ मध्ये अमेरिकेनं त्यांच्या नावानं कायदा केला. त्यात जबाबदार अधिकाऱ्यांचीच खाती गोठवायची, त्यांनाच व्हिसा नाकारायचा. मजुराच्या ताटाला हात लागत नाही. पण माझं मत विचाराल तर एवढ्यानं राजवट हलत नाही. फार तर काही जणांची परदेशातली घरं आणि पैसा अडकतो.

मुत्सद्देगिरीचं खरं काम पुढेच असतं: निर्बंध कधी उठतील, हे समोरच्याला स्पष्ट सांगणं. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून अमेरिकी काँग्रेसनं दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घातले, तेव्हा ते उठवायच्या अटी कायद्यातच होत्या. मंडेला आणि राजकीय कैदी सोडा, आणीबाणी उठवा, पक्षांवरची बंदी काढा, वर्णभेदाचे कायदे रद्द करा, वाटाघाटीला बसा. आतून लोकांचा लढा पेटला होता, १९८५ पासून परदेशी बँकांनी कर्जाचा हात आखडता घेतला होता, आणि प्रिटोरियासमोर, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारसमोर, काय करायचं ते लिहिलेलं होतं. ११ फेब्रुवारी १९९० ला मंडेला सुटले. १९९१ च्या जुलैत अमेरिकेनं ते निर्बंध उठवले.

त्याआधी, जुलै १९९० मध्ये, मंडेला डब्लिनला गेले होते. तिथं ते त्या दुकानातल्या संपकऱ्यांना भेटले.