तोफ किनाऱ्यावर उतरवताना
(ठाण्यातील एका व्याख्यानाचे शब्दांकन)

नमस्कार. समोर तोफखान्यातली काही मंडळी दिसतायत, म्हणून १५५ मिलिमीटर म्हणजे तोफेच्या नळीचा व्यास, यापलीकडे ते सांगत बसत नाही. समुद्रातून किनाऱ्यावर उतरणाऱ्या फौजेला कोणती फिरती तोफ द्यावी, हा आजचा विषय. कुठेही हे बोलणं निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: मारा किती किलोमीटर? हा प्रश्न मला सलतो, कारण माझं लहानपण रेतीबंदरावर गेलं.

कळवा-मुंब्र्याच्या माणसांना हे डोळ्यांपुढे येईल. ओहोटीला रेतीनं भरलेला एक ट्रक खाडीकाठी रुतला. ड्रायव्हर रेस देतोय आणि मागची चाकं आणखी खाली जातायत. कोणी दगड टाकले, कोणी पेंढा. मग फळ्या. एक फळी चाकाखालून सुटून मागे अशी उडाली, की उभ्या असलेल्या एकाची नडगी फुटली. तोवर भरती लागली होती. तेव्हा एक म्हातारे कोळीकाका ओरडले, "गाडी काय ओढताय, आधी माल काढा!" वीसेक माणसं घमेली घेऊन भिडली. पाणी चाकाच्या मध्याला लागलं तेव्हा कुठे रिकामा ट्रक बाहेर आला. तोफेमागून येणारी गाडी म्हणजे हाच ट्रक, रेतीच्या जागी गोळे.

त्या काकांना उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि भांग, म्हणजे लहान भरती, तोंडपाठ असायचे. २० नोव्हेंबर १९४३ रोजी अमेरिकी मरीन, म्हणजे समुद्रातून उतरणारे सैनिक, पॅसिफिकमधल्या तारावा बेटावर उतरले तेव्हा भांगाची भरती होती. प्रवाळाच्या कड्यावरून होड्या जाव्यात एवढं पाणीच नव्हतं. जवान गोळीबारात शेकडो मीटर पाण्यातून चालत गेले. ७५ मिलिमीटरच्या छोट्या तोफा सुट्या करून किनाऱ्यावर नेल्या. सुट्या होत होत्या म्हणून पोचल्या. आपलंही उदाहरण आहे. डिसेंबर १९७१, आजच्या बांगलादेशातलं कॉक्स बझार. जहाज वाळूच्या दांड्यावर टेकलं, आणि दांडा व किनारा यांच्यामध्ये खोल पाणी निघालं. आपले जवान शत्रूची गोळी न लागता बुडाले. किनारा आधी नीट तपासला असता तर ते वाचले असते, असं मला आजही वाटतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मूळ मुद्दा भराभर सांगतो.

१५५चा गोळा साधारण ४५ किलोचा, १०५चा १५ किलोच्या आसपास. सहा तोफा, प्रत्येकीला शंभर गोळे धरा: एकीकडे २७ टन, दुसरीकडे ९. त्यात गोळा फेकणारी दारू धरलेली नाही. १९८२ला अर्जेंटिनाविरुद्धच्या युद्धात फॉकलंड बेटांवर ब्रिटिशांनी १०५च्या ३० हलक्या तोफा नेल्या. २५ मे रोजी ॲटलांटिक कन्व्हेयर या जहाजावर हल्ला झाला, त्याबरोबर तीन चिनूक हेलिकॉप्टरं गेली आणि ओझी उचलायची ताकद एका दिवसात घटली. तिथे १५५ असत्या तर?

एम-७७७ ही ओढून न्यायची १५५ची तोफ जेमतेम सव्वाचार टनांची, चिनूकखाली लटकते. पण गोळ्याचं वजन तेच, आणि गोळे डागून जागा सोडायला स्वतःची चाल नाही. वज्र ही १५५ची तोफ रणगाड्यासारखी स्वतः चालते, पोटात ४८ गोळे, वर चिलखत. पण ती पन्नास टनांच्या घरातली, उतरण नौकेतली एका रणगाड्याची जागा तीच घेणार. अमेरिकी मरीननी २०२०मध्ये तोफांच्या २१ बॅटऱ्या, म्हणजे तुकड्या, ५ वर आणायचं ठरवून रॉकेटवर भर दिला. मला ते पटत नाही. शत्रूच्या खंदकापासून चारशे मीटरवर अडकलेल्या प्लाटूनला रात्रभर गोळे लागतात, आणि ते रॉकेटनं परवडत नाही.

माझा क्रम असा: पहिल्या लाटेत बीएमपी या पाण्यातही चालणाऱ्या चिलखती गाडीवरची ८१ मिलिमीटरची मॉर्टर, म्हणजे उखळी तोफ, समुद्र शांत असेल तर ती पोहत जाईल. मग हेलिकॉप्टरनं आपली १०५ची हलकी तोफ, अडीच टनांच्या आतली, १७ किलोमीटर मारणारी. वज्र तिसऱ्या लाटेत, वाळूवर जाळ्या अंथरून झाल्यावर. आणि चाचणी नुसती पोखरणच्या कोरड्या वाळूत नको. ऐन ओहोटीला, खाडीच्या चिखलात, गोळ्यांनी भरलेल्या ट्रकसकट घ्या.