सैल पट्टा

श्रोतेहो, नमस्कार. आज एका कॅसेटबद्दल बोलायचंय. मला वेळ सात मिनिटांचा आहे आणि त्यातली चार तरी माझ्या टेपरेकॉर्डरवर जाणार, हे आधीच सांगून टाकतो.

2005 साली माझा मेहुणा इंग्लंडहून आला. येताना त्यानं नव्वद मिनिटांची एक कॅसेट भरून आणली. निरनिराळ्या गायकांची निवडक गाणी, सगळी एकाच जातीची. सायकेडेलिक फोक. आता हे काय असतं? 1966 च्या आगेमागे इंग्लंड, स्कॉटलंड, अमेरिकेतल्या तरुण पोरांनी आजी-पणजीची गाणी घेतली, काही त्याच वळणाची स्वतः रचली, आणि त्यांत सतार घातली, तंबोऱ्यासारखा न तुटणारा सूर घातला, टेप उलटी फिरवून पाहिली, आवाज विहिरीतून यावा तसा घुमवला. म्हणजे गाणं गावाकडचं, आवाज वाकवलेला. पुन्हा सांगतो, गाणं गावाकडचं, आवाज वाकवलेला. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सायकेडेलिक हा शब्द मुळात नशा आणणाऱ्या औषधांसाठी एका मानसोपचारतज्ज्ञानं काढलेला. आमची नशा काळ्या मसाल्याच्या मिसळीपुरती. तीही हल्ली नुसती लाल तेलाची झालीये, पण तो विषय वेगळा.

तर कॅसेट लावली. आहाहा! काय तो संथपणा! प्रत्येक सूर पाण्यात भिजवून वाळत घातल्यासारखा, खाली झुकणारा, मध्येच हेलकावणारा. त्यातला एक आवाज तर जिवाला लागला. मऊ, जड, झोपेतून बोलल्यासारखा. कॅसेटच्या कागदावर नाव पाहिलं, व्हॅश्टी बनियन. बायको म्हणाली, "बनियन? मग पुरुषच असणार." मलाही पटलं. आठ महिने मी त्या बुवाचा भक्त होतो. घरी येईल त्याला बसवायचो, दिवा घालवायचो आणि सांगायचो, ऐका, हा माणूस किती सावकाश गातो, ह्याला कशाची घाईच नाही. नाशिकच्या गंगापूर रोडचे आमचे एक स्नेही तर डोळे पुसत घरी गेले होते.

मग एके दिवशी टेपनं बातम्यांची कॅसेट खाल्ली. पेन्सिल घालून गुंडाळली, पुन्हा खाल्ली. शेवटी यंत्र बगलेत मारून भद्रकालीत गेलो. तिथे एक दुरुस्तीवाले होते, हाताला कायम कथलाचा वास. रात्री भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. (असे लोक आता सापडत नाहीत. आता दुकानदार वस्तू हातात न घेताच म्हणतो, नवीन घ्या. पंख्याचा कपॅसिटर गेला तरी नवीन घ्या!) त्यांनी मागचं झाकण काढलं, बोटानं रबरी पट्टा उचलला आणि तो गळ्यातल्या माळेसारखा लोंबला. "साहेब, किती दिवस असा चालवताय? पट्टा सैल झालाय. टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकायला पाहिजे, तुमची रांगतेय."

नवा पट्टा बसवला. कॅसेट माझ्या खिशातच होती, तीच लावून पाहिली. आणि श्रोतेहो, दुकानात एक पोरगी गायला लागली! चिमणीसारखा आवाज, हलका, भराभर, अंगणात झाडू मारता मारता गुणगुणावं तसा. मी म्हटलं, अहो, हे काय केलंत? ते म्हणाले, "मी काय केलं? जे होतं ते आता वाजतंय." पुढचं गाणं सतारीचं लागलं. त्यांनी कान दिला आणि मान हलवली. "सतार जुळवलेली नाही. नुसती छेडतायत." मी नंतर पुष्कळदा ऐकलं, त्यांचं म्हणणं खरं आहे. पण मला तसंच आवडतं, हेही खरं.

घरी येऊन मेहुण्याला फोन लावला. म्हटलं, तुझा तो बनियन अचानक बाईसारखा का गातोय? तो दोन मिनिटं नुसता हसत होता. "अहो दाजी, ती बाईच आहे!" मग त्यानं तिची हकीकत सांगितली. 1968 मध्ये ही बाई घोडागाडी घेऊन लंडनहून स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली. वाटेत गाणी रचली. 1970 मध्ये तबकडी निघाली, कोणी फारशी घेतली नाही, आणि हिनं गाणंच सोडून दिलं. तीस वर्षांनी, 2000 साली, तीच तबकडी पुन्हा निघाली तेव्हा कुठे लोकांनी डोक्यावर घेतली.

त्याच कॅसेटवर लिंडा पेरहॅक्स होती. ही अमेरिकेतली, दातांच्या दवाखान्यात दात साफ करून द्यायचं काम करायची. तिचीही तबकडी 1970 चीच. छापताना आवाज इतका चपटा उतरला, की पुढे तिनंच सांगितलंय, ऐकून तिनं ती फेकून दिली. तिला तिचं गाणं बिघडलेलं ऐकवेना. मी मात्र व्हॅश्टीचं बिघडलेलं गाणं आठ महिने दिवा घालवून ऐकत होतो.

एडिंबरोच्या इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँडबद्दलही सांगायचं होतं, त्यांनी मोरोक्कोचं गिंब्री नावाचं तंतुवाद्य वापरलं होतं. पण घड्याळ पुढे गेलं. एवढंच सांगतो, न तुटणारा सूर ऐकायला एडिंबरोला जावं लागत नाही. पेठ गावावरून जव्हारकडे जा, दिवाळीच्या सुमाराला. भोपळ्याचा तारपा वाजत असतो, वाजवणाऱ्याचे गाल फुगलेले, श्वास कुठे घेतो ते कळत नाही, आणि माणसं त्याच्याभोवती रात्रभर गोल फिरतात. त्याला तिथे कोणी सायकेडेलिक म्हणत नाही.

आता ऐकूया ते गाणं. नव्या पट्ट्यावरचं, बाईच्या आवाजातलं. जुना पट्टा मी दुरुस्तीवाल्यांकडून मागून आणला होता, पुन्हा कधी बसवावा म्हणून. बायकोनं तो चिवड्याच्या पिशवीला गुंडाळलाय, आणि पिशवी अजून संपलेली नाही, असं ती म्हणते.