चढावरचे लॅक्टेट, खाटेवरचे लॅक्टेट

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यातील धावपटूंना येऊरचा चढ सांगायला नको. पहाटे उपवन तलावाच्या काठाने निघून तो चढ दमात गाठला की मांड्या पेटल्यासारख्या होतात, आणि सोबतचा कोणीतरी हमखास म्हणतो, "लॅक्टिक अ‍ॅसिड साचलं." दोन दिवसांनी जिना उतरताना पाय कुरकुरले की दोष पुन्हा त्याच्याच माथी येतो आणि मालिशवालाही ते "काढून टाकण्याचे" आश्वासन देतो. त्या क्षणीच्या जळजळीत लॅक्टेटचा, म्हणजे हे आम्ल शरीरात ज्या रूपात वावरते त्याचा, काही वाटा असतो, मात्र तो एकट्याचा नव्हे. दोन दिवसांनंतरच्या दुखण्याशी तर त्याचा संबंध जोडताच येत नाही, कारण धाप थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातील लॅक्टेट पूर्वपदावर येते. ते दुखणे स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचे असते. पडताळा येऊरलाच घेता येतो. चढताना लॅक्टेट भरपूर तयार होते, उतरताना त्या मानाने फारच कमी. तरीही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय अधिक दुखतात ते उताराने, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावून शरीराचा भार तोलत असतो.

मग ही बदनामी आली कुठून? कार्ल शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने 1780 मध्ये आंबलेल्या दुधातून हे आम्ल वेगळे केले, म्हणून आपल्याकडे त्याला दुग्धाम्ल हे नाव मिळाले. पुढे 1907 मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूत ते मोजले. ऑक्सिजनविना थकवलेल्या स्नायूत ते वाढत होते आणि ऑक्सिजन मिळाला की कमी होत होते. प्रयोग चोख होता. पण तो स्नायू शरीरापासून तोडलेला होता. त्याला यकृत नव्हते, हृदय नव्हते, रक्ताचा प्रवाहही नव्हता. दुग्धाम्ल म्हणजे ऑक्सिजनच्या टंचाईतून उरलेला गाळ, अशी समजूत पुढे अनेक दशके टिकली.

वास्तविक पूर्ण विश्रांतीतही आपण लॅक्टेट बनवत असतो. पेशीत ग्लुकोजचे विघटन होऊन पायरुव्हेट तयार होते आणि त्यातील काहींचे लॅक्टेट होते. तांबड्या रक्तपेशींना तर दुसरा मार्गच नाही, कारण त्यांच्यात तंतुकणिका (मायटोकाँड्रिया), म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतील भाग, नसतात. गेर्टी आणि कार्ल कोरी या दांपत्याने 1929 मध्ये दाखवले, की स्नायूतून निघालेले लॅक्टेट यकृतात पोहोचते, तेथे त्याचे पुन्हा ग्लुकोज होते आणि ते स्नायूकडे परत येते. 1980 च्या दशकात बर्कलीच्या जॉर्ज ब्रूक्स यांनी हे चित्र आणखी विस्तारले. एका स्नायूने तयार केलेले लॅक्टेट शेजारचा स्नायू, हृदय आणि मेंदूही इंधन म्हणून वापरतात. चढावर धावताना आपले हृदय ज्या इंधनावर चालते, त्यात या "गाळाचा" मोठा हिस्सा असतो, हे मला आजही गमतीचे वाटते.

एकदा मी स्वतःवरच मोजमाप करून पाहिले. साखर तपासतात तशीच बोटाला सुई टोचायची आणि थेंब पट्टीवर घ्यायचा. फक्त आधी घाम नीट पुसावा लागतो, कारण घामातही लॅक्टेट असते आणि आकडा खोटा येतो. निघण्यापूर्वी आकडा लिटरमागे 1 मिलिमोलच्या आसपास होता, चढाच्या माथ्यावर 8 च्या पुढे. खाली बसून न राहता मी तलावाभोवती सावकाश चालत राहिलो, तेव्हा तो झपाट्याने उतरला, कारण हलके काम करणारे स्नायू तेच जाळत होते.

आता तोच आकडा अतिदक्षता विभागातील खाटेवर पाहा. पावसाळ्यात लेप्टो, मलेरिया किंवा गंभीर डेंग्यूचे रुग्ण येतात तेव्हा लॅक्टेटचा अहवाल मी आधी मागतो. धावणाऱ्या माणसाचे 8 मला चिंतेत टाकत नाही. निपचित पडलेल्या माणसाचे 4 झोप उडवते. सेप्टिक शॉकच्या, म्हणजे जंतुसंसर्गामुळे रक्तदाब धोकादायकरीत्या ढासळण्याच्या अवस्थेच्या, 2016 मधील व्याख्येतच हा निकष आहे: पुरेसा द्रव देऊनही रक्तदाब टिकवण्यासाठी औषध लागणे आणि लॅक्टेट 2 पेक्षा जास्त असणे. कारण मात्र नेहमी ऑक्सिजनची टंचाई हेच नसते. आजाराच्या ताणात अ‍ॅड्रेनॅलिन वाढते आणि त्यानेही लॅक्टेट वाढते. यकृत थकले तर त्याचा निचरा मंदावतो. दम्याच्या रुग्णाला वारंवार दिलेल्या साल्ब्युटामॉलनेही आकडा चढतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णाचे मूत्रपिंड अचानक निकामी झाले तर क्वचित तेही कारण ठरते. म्हणून एका आकड्यापेक्षा काही तासांनी घेतलेला दुसरा आकडा मला अधिक सांगतो.

अहवाल हाती आल्यावर एकक जरूर पाहावे. काही प्रयोगशाळा मिलिग्रॅममध्ये लिहितात, तेव्हा डेसिलिटरमागील 18 म्हणजे आपले 2 च. नमुना साध्या नळीत तासभर पडून राहिला तर तांबड्या पेशी त्या नळीतही लॅक्टेट बनवत राहतात, आणि रुग्ण होता त्याहून अत्यवस्थ दिसू लागतो.

नातेवाईक मला एक प्रश्न नेहमी विचारतात. सलाईनच्या बाटलीवर "रिंगर लॅक्टेट" असे वाचून ते दचकतात: "डॉक्टर, याचं लॅक्टेट आधीच वाढलंय ना, मग हे आणखी कशाला?" शंका रास्त आहे. त्या बाटलीत लिटरमागे सुमारे 28 मिलिमोल लॅक्टेट असते, पण ते सोडियमचे क्षार असते, आम्ल नव्हे. यकृत ते वापरते आणि त्या प्रक्रियेत बायकार्बोनेट तयार होते, म्हणजे रक्ताची आम्लता उलट कमी होते. यकृत फारच बिघडलेले असेल तर आम्ही दुसरा द्रव निवडतो. एरवी ती बाटली लटकलेली दिसली तर घाबरून नर्सला हाक मारू नये. ती संपत आली की मात्र जरूर मारावी.

नमस्कार.