बस मला दिसते, मी बसला दिसतो का?

(रस्ता सुरक्षा महिन्यानिमित्त दादरमध्ये झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : ‘पादचारी, सायकलस्वार आणि वाहनचालक यांच्या नेहमीच्या चुका’. तिघांबद्दलही बोलायचंय. पण आधी एका शब्दाबद्दल बोलू द्या. शब्द आहे ‘अचानक’.

अपघात झाला की हा शब्द येतोच. ‘पोरगं अचानक समोर आलं.’ ‘बसने अचानक डावीकडे घेतलं.’ ‘टॅक्सीचं दार अचानक उघडलं.’ बोलणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटलेलं असतं. पण पोरगं काही आभाळातून पडत नाही. आधीची चार सेकंदं ते तिथेच चालत असतं, फक्त चालकाला दिसत नसतं. पोराला मात्र डंपर दिसत असतो, चांगला घराएवढा दिसत असतो. म्हणून त्याची समजूत होते की मला एवढं मोठं धूड दिसतंय, म्हणजे त्यातल्या माणसालाही मी दिसत असणार. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या पुष्कळशा चुका या एका समजुतीतून निघतात. पायी चालणारा ती करतो, सायकलवाला करतो, मोटारवालासुद्धा करतो.

एक करून बघा. सगळ्यांनी हात लांब करा, अंगठा उभा धरा, एक डोळा मिटा. आता अंगठा माझ्यावर आणा. शेवटच्या रांगेतल्या लोकांसाठी मी अख्खा गेलो की नाही? पहिल्या रांगेत निदान माझं डोकं गेलं असेल. दोन सेंटिमीटरच्या अंगठ्याने एक माणूस झाकला. मोटारीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे खांब असतात ते अंगठ्याच्या कितीतरी पट रुंद असतात. चौकात उजवीकडे वळताना उजवा खांब नेमका झेब्रा क्रॉसिंगवर येतो. चालणाऱ्याची चाल आणि गाडीचं वळणं जुळलं, तर माणूस सबंध वळणभर त्या खांबामागेच राहतो. दोन्ही डोळे उघडे असतानाही हे होतं. उपाय साधा आहे. वळायच्या आधी धड कमरेतून पुढे-मागे हलवायचं, म्हणजे खांबामागचा भाग उघडा पडतो. आणि काचेवर मोबाइलचा स्टँड, डॅशबोर्डवर गणपती, आरशाला लोंबणारी माळ, या सगळ्यांना गाडीत दुसरी जागा द्या. गणपती काचेच्या रेषेच्या खाली बसवला तरी त्याचा आशीर्वाद मिळतोच.

आता डंपर. मेट्रोची कामं, जुन्या इमारतींचा पुनर्विकास, यामुळे डंपर आणि काँक्रीट मिक्सर आज आपल्या गल्लीबोळांत आलेत, शाळेच्या फाटकापर्यंत आलेत. एका डंपरचा हिशोब मांडतो. आकडे गाडीप्रमाणे थोडे बदलतील. चालक उजवीकडे उंचावर बसलाय, त्याचा डोळा जमिनीपासून २.४ मीटरवर. डाव्या दाराच्या खिडकीची खालची कड १.८ मीटरवर, आणि ती त्याच्यापासून १.९ मीटर लांब. म्हणजे त्याची नजर त्या कडेवरून जाताना १.९ मीटरमध्ये फक्त ६० सेंटिमीटर खाली उतरते, आणि त्याच उताराने पुढे जाते. दहा वर्षांचा मुलगा साधारण १.३५ मीटर उंच. त्याचं डोकं त्या नजरेत यायला तो डाव्या दारापासून जवळजवळ १.४ मीटर लांब हवा. त्याच्या आत तो कुठेही उभा असो, चालक मान कितीही वळवो, खिडकीतून दिसणार नाही. उरतो आरसा. डावा आरसा बहिर्गोल असतो, त्यात गोष्टी लहान आणि लांब दिसतात. त्यावर पावसाचे थेंब असले, किंवा शेजारून जाणाऱ्या टेम्पोने तो धक्का देऊन फिरवला असला, की तोही गेला.

म्हणून पूर्वी डाव्या दारात क्लीनर असायचा. ‘आन दे, आन दे’ आणि पत्र्यावर थाप. तो क्लीनर म्हणजे गाडीचा डावा डोळा होता. बेस्टच्या कंडक्टरची घंटाही तेच काम करते, एक टोला थांबा, दोन टोले चला. आज क्लीनर नसलेले डंपर दिसतात, कंडक्टर नसलेल्या बस दिसतात. पगार वाचतो, पण डोळा जातो. तो डोळा दुसऱ्या कशाने तरी भरून काढायला हवा, कॅमेऱ्याने, सेन्सरने. लंडनमध्ये १२ टनांवरच्या ट्रकांना चालकाला काचेतून थेट किती दिसतं यावर शून्य ते पाच तारे देतात. २०२१ पासून कमी ताऱ्यांच्या ट्रकला जादा सुरक्षा उपकरणं बसवल्याशिवाय शहरात येता येत नाही. आपल्याकडे लो-फ्लोअर बस आल्या त्याचा एक फायदा फार कोणी बोलत नाही. त्यात चालक खाली बसतो, काच मोठी असते, त्यामुळे हा आंधळा पट्टा बराच अरुंद होतो. ज्येष्ठांना चढायला पायरी कमी लागते, एवढंच आपण म्हणतो.

पण नुसतं न दिसणं ही अर्धीच गोष्ट. खरा घात वळणावर होतो आणि तो समजून घ्यायला तुम्ही दादर टीटीच्या चौकात दहा मिनिटं उभे राहा. फुटपाथवर, कडेपासून दोन पावलं मागे. लांब बस डावीकडे वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून येत नाहीत, आतून येतात. १२ मीटरच्या बसचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या ॲक्सलपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर, साधारण ६ मीटर धरा. पुढचं चाक १२ मीटर त्रिज्येने वळलं तर मागचं दीड मीटरहून जास्त आत येतं. वळण घट्ट असेल, १० मीटरचं, तर पूर्ण २ मीटर आत. कोपऱ्यावरचे पिवळे-काळे कर्बचे, म्हणजे फुटपाथच्या कडेचे, दगड बघा. त्यांवर टायरचे काळे ओरखडे असतात, एखादा दगड उखडलेला असतो. तो मागच्या चाकाने उखडलाय. आणि सिग्नल सुटायच्या आधी आपण नेमके त्याच कोपऱ्यावर, एक पाय खाली टाकून उभे असतो.

हे चालकालाही माहीत असतं. म्हणून डावीकडे वळण्याआधी तो बस जरा उजवीकडे काढतो. डावा इंडिकेटर चालू आणि बस चाललीय उजवीकडे! मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला वाटतं, बस सरळ निघाली. डावीकडे त्याला आयती फट दिसते. तो घुसतो, त्याच्यामागे डिलिव्हरीवाला, त्याच्यामागे पावाच्या पिशव्या लटकवलेली सायकल. मग बिजागरीवर दार मिटावं तशी बस मिटते आणि ती फट संपते. एका बाजूला बसचा पत्रा, दुसऱ्या बाजूला कर्ब, आणि मागून येतंय ते मागचं चाक. नंतर सगळे म्हणतात, बसने अचानक डावीकडे घेतलं.

म्हणून सायकल आणि दुचाकीवाल्यांना हात जोडून सांगतो. सिग्नलला बसच्या शेजारी थांबू नका. एकतर पूर्ण मागे थांबा, किंवा इतकं पुढे की चालकाचा चेहरा तुम्हाला दिसेल. त्याचा चेहरा काचेत नाही आणि आरशातही नाही, तर तुम्ही त्याच्या दृष्टीने तिथे नाहीच. इंडिकेटरपेक्षा बसच्या पुढच्या चाकाकडे बघा. इंडिकेटर विसरला जातो, कधी बंद पडलेला असतो, पण चाक वळल्याशिवाय बस वळत नाही.

आता बसथांबे, आणि इथे माझी तक्रार आहे. थांब्यासमोर रिक्षा, टेम्पो, कोणाची तरी ‘दोनच मिनिटं’ ठेवलेली मोटार. त्यामुळे बस कडेला लागूच शकत नाही, ती दुसऱ्या लेनमध्ये थांबते. प्रवासी रस्त्यावर उतरतात आणि बस व फुटपाथ यांच्यामधल्या त्याच फटीतून दुचाकी येते. उतरणारी बाई पिशवी, छत्री आणि मूल सांभाळत मागे तोंड करून उतरत असते, तिला ती दुचाकी दिसत नाही. दुचाकीवाल्याला बसचं दार दिसत नाही. यात ज्याची मोटार थांब्यावर उभी आहे तो घटनास्थळी नसतोच, त्याचं नाव कुठल्या जबाबात येत नाही. पहिली चूक त्याची आहे, हे मी कुठल्याही व्यासपीठावरून सांगेन. थांबलेल्या बसच्या डावीकडून जाऊ नका. आणि उतरल्यावर बसच्या पुढून रस्ता ओलांडू नका. बस जाऊ द्या. रस्ता दोन्हीकडे मोकळा दिसेपर्यंतची ती पंधरा-वीस सेकंदं घरी कोणी मोजत नाही.

हात दाखवून रस्ता ओलांडणं ही तर आपल्या मुंबईची ओळख आहे. तळहात पुढे, नजर समोर, पाऊल न थांबता. पहिल्या लेनचा भला मोटारवाला थांबतो, वर मानेने ‘जा’ म्हणतो. इथेच जपा. तुमचा हात पहिल्या गाडीने पाहिला, पण तिच्या शेजारून येणाऱ्याला तुम्ही थांबलेल्या गाडीआड आहात. त्याला एवढंच दिसतं की पुढची गाडी उगाच थांबलीय, म्हणून तो बाजूने काढतो. तेव्हा थांबलेल्या गाडीच्या पुढच्या कोपऱ्याशी आल्यावर थबका, मान बाहेर काढा, पुढची लेन बघा, मग पाऊल टाका. प्रत्येक लेन नव्याने ओलांडायची. आणि चालकांनो, तुमच्या शेजारची गाडी विनाकारण थांबलेली दिसली, तर कारण तिच्यापुढे चालत असतं.

लोक पादचारी पुलावरून का जात नाहीत, असं नेहमी विचारतात. गाड्यांना खालून जायला साडेपाच मीटर मोकळे हवेत, वर पुलाची जाडी, म्हणजे सहा मीटर चढायचं. १५ सेंटिमीटरच्या ४० पायऱ्या वर, ४० खाली. गुडघे दुखणाऱ्याला हे सांगणं म्हणजे घरी बस म्हणण्यासारखं आहे. सिग्नलची वेळही अशीच. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. २४ मीटर रुंदीचा रस्ता त्या वेगाने २० सेकंदांत होतो, पण ०.८ मीटरने चालणाऱ्या आजींना ३० लागतात. उरलेली १० सेकंदं त्या गाड्यांसमोर असतात. तेव्हा हिरवा माणूस आधीपासून लागलेला असेल तर निघू नका, पुढचा नवा हिरवा घ्या. दुभाजकावर थांबावं लागलं तर काठावर नको, मधोमध उभं राहायचं.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. म्हणजे सायकल आणि मोटार दहा मिनिटांत. भराभर सांगतो.

जिथे फुटपाथ नाही तिथे पायी चालणाऱ्याने रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं. सायकलवाल्याने मात्र डावीकडूनच, गाड्यांच्या दिशेने. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. सायकलवाला ‘समोरचं दिसतं’ म्हणून उलटा येतो. पण गल्लीतून बाहेर पडणारा चालक उजवीकडे बघून रस्त्यावर येतो, डावीकडून सायकल येईल हे त्याच्या मनातही नसतं. उभ्या गाड्यांपासून एक मीटर अंतर ठेवा, दार उघडलं तरी हँडल लागणार नाही. गटारावरच्या लोखंडी जाळीच्या फटी रस्त्याला समांतर असतील तर चाक अडकतं, ती आडवी ओलांडा. पावसात रिमच्या ब्रेकला पहिल्या फेऱ्यात फक्त पाणी पुसलं जातं, पकड नंतर येते, म्हणून आधीपासून हलका ब्रेक धरा. मागे लाल रिफ्लेक्टर, पेडलला पिवळे. पेडलचे वर-खाली हलतात, म्हणून अंधारात ते ओळखू येतात.

दुचाकी : पावसात झेब्राचे पांढरे पट्टे आणि मेट्रोच्या कामावरच्या लोखंडी प्लेटा यांवर ब्रेक मारायचा नाही आणि वळायचंही नाही, सरळ पार करायच्या. हेल्मेट आयएस ४१५१ या भारतीय मानकाचं, पट्टा लावलेला, हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच सैल. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी निघून जातं. मागे बसणाऱ्यालाही हवं. दोन्ही आरसे हवेत. डावा आरसा काढून टाकणाऱ्याने तो परत लावावा.

मोटार : वेग. कोरड्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरला भान यायला एक सेकंद धरा, त्यात १४ मीटर गेले, ब्रेकनंतर आणखी १४. एकूण २८. ताशी ६० ला १७ आणि २०, म्हणजे ३७. फरक नऊ मीटरचा वाटतो. पण ५०ची गाडी जिथे उभी राहिली तिथे ६०ची अजून ताशी ४० च्या आसपास वेगात असते. ओल्या रस्त्यावर ५०ला सुद्धा सहज ४० मीटर लागतात. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदला. मागच्या सीटवरही पट्टा, तो नसेल तर मागचा माणूस पुढच्यावर आदळतो. स्टॉप लाइनच्या मागे थांबा. झेब्रावर गाडी आणलीत की चालणारे शेजारच्या बसच्या अगदी नाकासमोरून जातात, आणि डाव्या दाराजवळचं जसं दिसत नाही, तसंच उंचावरच्या चालकाला अगदी नाकासमोरचंही दिसत नाही.

छत्री राहिली. वाऱ्याविरुद्ध चालताना छत्री पुढे झुकवतो, आणि समोरच्या दोन लेन तिच्या कापडात जातात. रस्ता ओलांडताना छत्री सरळ वर, भिजलं तर भिजलं. रेनकोटची टोपी मानेबरोबर वळत नाही, तिची कड हाताने मागे ओढून मग बाजूला बघा.

कोणी जखमी दिसलं तर १०८ ला फोन करा. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय, मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही.

आता खरंच शेवटचं, कारण बाहेर टॅक्सीवाले उभे आहेत. मोटारीत उजवीकडे बसलेल्याने दार उजव्या हाताने उघडायचं नाही, डाव्या हाताने उघडायचं. हात आडवा आला की खांदा वळतो, मान वळते, आणि मागून येणारी सायकल दिसते. आणि टॅक्सीत मागे बसलात तर डाव्या दाराने उतरा. उजवीकडचा माणूस सीटवरून सरकत डावीकडे येईपर्यंत टॅक्सीवाला थांबतो.