पांढरी तीनची घाई

[दृश्य: जत्रा. उंच काठीला खोचलेल्या रंगीत बासऱ्या, खाली वाजवत फिरणारा माणूस]

हा माणूस तुम्ही कुठल्या ना कुठल्या जत्रेत बघितलाच असेल. काय भारी वाजवतो, आपण हौसेने एक घेतो आणि घरी येऊन फुंकली की नुसती शिट्टी, मग चार दिवसांनी ती बासरी माळ्यावर. आता गंमत सांगतो, तो स्वतः जी वाजवत असतो ती मागून बघा, बहुतेक देणार नाही.

पेटीवर पट्टी बदलता येते, तंबोऱ्याची तार पिळता येते, पण बासरीचं तसं नाही, बांबूला जिथे भोक पाडलं तिथे सूर पक्का झाला. पट्टी बदलायची तर बासरीच बदलायची, म्हणून तर वादकांच्या पिशवीत दहा-दहा बासऱ्या असतात.

[दृश्य: बोटांचा क्लोजअप]

सहाही भोकं बंद करून हळू फुंकलं की मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प. खालची तीन उघडली, वरची तीन बंद ठेवली की सा. हा सा पेटीवर ज्या पट्टीला जुळतो ती त्या बासरीची पट्टी. पण काही बनवणारे सगळी भोकं बंद असतानाचा सूर बासरीवर लिहितात, आणि कर्नाटकी बासरी तर वेगळीच, तिला आठ भोकं आणि सा दोन बोटांवर, त्यामुळे बासरीवरचं सी, ई असं नुसतं अक्षर बघून ऑनलाइन ऑर्डर केली तर घोळ होतो.

[दृश्य: लांब बासरी, मागे तानपुरा]

आता मुख्य घोळ. पन्नालाल घोष, जन्म 1911, बारिसालचे. बासरी तेव्हा लोकसंगीतातली, सुगम संगीतातली, रागाची आलापी पेलायला तिचा आवाज बारीक पडायचा. त्यांनी जवळजवळ 32 इंचांची बासरी करून घेतली आणि तो खर्ज, म्हणजे खालचा भारदस्त आवाज, मैफलीत आणला. नंतर पंडित हरिप्रसाद चौरसियांची पांढरी तीन, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीची, इंग्रजीत ई, घराघरात पोचली. तेव्हापासून शिकायला येणारा प्रत्येक जण म्हणतो मला तसलाच आवाज पाहिजे.

मी पण म्हणालो होतो. पहिलीच बासरी घेतली ती ई, साधारण 30 इंच, दुकानदार काही बोलला नाही, त्याला काय, महागातली जातेय. चार महिने मंद्र पंचम लागला नाही. भोकांमधलं अंतर एवढं की उजव्या हाताचं तिसरं बोट पोचेपर्यंत दुसरं उचललं जायचं, आणि केसाएवढी फट राहिली तरी खालचा सूर फाटतो. मला वाटायचं फुंकच कमी पडतेय, म्हणून अजून जोरात फुंकायचो, की सूर उडी मारून वरच्या सप्तकात.

शेवटी सरांनी हातात पांढरी एकची, म्हणजे सीची, मिडियम (मधल्या मापाची) दिली, 18-19 इंच. दहा मिनिटांत सगळे सूर लागले, थोडे बेसूर, पण लागले.

[दृश्य: छोट्या-मोठ्या बासऱ्या ओळीने]

तर मोठ्या माणसाने सुरुवात करायची ती हीच, सी मिडियम. लहान मुलांना अजून लहान, डी किंवा ई मिडियम, पण फार बारीकही नको, कर्कश होते आणि शेजारी भांडायला येतात. सरगम, अलंकार, दोन-तीन राग बसले की पांढरी पाच, म्हणजे जी, 24-25 इंच. इथे बोटांची टोकं सोडून पेरांनी भोक झाकायची सवय लागते, आणि तीच सवय पुढे ईला कामाला येते. ही मधली पायरी बरेच जण गाळतात, मला तिथेच चूक दिसते. अर्थात भजनी मंडळात साथ करायची असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, पेटीवाल्याला विचारा, मंडळ काळी एकमध्ये गात असेल तर काळी एकचीच घ्या.

दुकानात गेल्यावर आधी पाच मिनिटं फुंकून बासरी गरम होऊ द्या, थंड असताना ती उतरलेली असते, मग मोबाइलच्या ट्यूनरवर (सूर मोजणारं ॲप) 440 हर्ट्झ लावून सा, पंचम आणि तार सा बघा. दोन्ही सा जुळत नसतील तर दोरा कितीही सुंदर गुंडाळलेला असो, ठेवून द्या. आत डोकावून चीर आहे का बघा. फुंकायच्या बाजूच्या टोकाला आत बसवलेल्या बुचाला हात लावू नका, ते सरकलं की सगळंच बिघडतं. आणि सोपं फुंकायचं असेल तर पातळ भिंतीचा बांबू बघा, आसामचा चांगला असतो, पेरं लांब असतात.

[दृश्य: कपाट उघडतं, कापडात गुंडाळलेली बासरी]

माझी ई अजून आहे. दोन वर्षं कपाटात होती, मध्ये मध्ये तेल लावायचो तेवढंच. आता मंद्र पंचम लागतो. रोज नाही, पण लागतो.