छातीवरचा मीटर आणि आतला बोनमॅरो

नमस्कार मंडळी. अंतराळवीराच्या कपड्यावर एक छोटासा डोसिमीटर लावलेला असतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, झालं, किती रेडिएशन लागलं ते कळलं. पण तसं नसतं हो. तो सांगतो कातडीपाशी किती आलं ते. कॅन्सरचा धोका काढायचा तर फुफ्फुसं, जठर, मोठं आतडं, बोनमॅरो म्हणजे हाडांतला मगज, यांना किती पोचलं ते हवं, आणि जिवंत माणसाच्या पोटात मीटर कोण खुपसणार?

मग पुतळा बनवला. 2004 मध्ये मात्रोश्का नावाचं धड स्पेस स्टेशनवर गेलं, डोकं आहे, पाय नाहीत, आत खरी माणसाची हाडं आणि भोवती मांसासारखं प्लास्टिक, सगळं 33 चकत्यांमध्ये कापलेलं आणि त्यात हजारो बारीक सेन्सर. लिथियम फ्लोराइडचे हे तुकडे भारी असतात, रेडिएशनची ऊर्जा धरून बसतात, खाली आणून तापवले की उजेड सोडतात, जितका उजेड तितका डोस. फक्त लोखंडाच्या अणुकेंद्रासारखे जड कण आले की ते कमी दाखवतात, आणि नेमके तेच कण पेशींची जास्त वाट लावतात, म्हणून शेजारी एक वेगळं प्लास्टिक ठेवतात, ते केमिकलमध्ये बुडवलं की कण गेल्याचे खड्डे मायक्रोस्कोपखाली मोजता येतात. वेळखाऊ प्रकार आहे, पण त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

आणि निघालं काय? स्टेशनच्या आत छातीवरचा मीटर खऱ्या धोक्यापेक्षा साधारण 15 टक्के जास्त दाखवतो, पण स्पेसवॉकसारखं बाहेर असलं तर थेट तिपटीच्या घरात! कारण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या कणांचे जे पट्टे तिच्याभोवती आहेत, व्हॅन ॲलन पट्टे म्हणतात त्यांना, त्यातले कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन कातडीतच अडकतात. सूर्यमालेबाहेरून, आपल्याच आकाशगंगेतून येणारे कण मात्र आरपार जातात, तिथे शरीराची स्वतःची जाडी फारशी कामाला येत नाही, मंगळाच्या प्रवासाची खरी डोकेदुखी हीच.

2022 ला नासाच्या आर्टेमिस 1 या माणसांविना गेलेल्या चांद्रमोहिमेतून हेल्गा आणि झोहर असे दोन बायकांचे पुतळे चंद्राला चक्कर मारून आले, झोहरला रेडिएशन अडवणारं जॅकेट घातलेलं, हेल्गाला नाही. त्याच फ्लाइटमध्ये दिसलं की व्हॅन ॲलन पट्ट्यातून जाताना यानाची दिशा वळवली तर डोस निम्म्यावर येतो, मला तर हे जॅकेटपेक्षा जास्त आवडलं.

आता नासाची मर्यादा अख्ख्या करिअरला 600 मिलिसिव्हर्ट (शरीरावर रेडिएशनचा किती परिणाम होतो ते मोजायचं एकक), आणि तो आकडा अवयवांवरून काढलेला असतो, त्यामुळे नुसत्या छातीवरच्या मीटरवर हिशोब केला तर एखाद्याची पुढची फ्लाइट उगाचच जाईल.